मेंटेनन्सच्या गोळीची कुळकथा

मल्टिपल मायलोमाच्या पेशंटचं ट्रान्सप्लांट पार पडतं. गळलेले केस परत येऊ लागतात, तोंडाला चव येते आणि शंभराव्या दिवसाच्या आसपास तपासण्यांचे रिपोर्ट हातात पडतात. रिपोर्ट चांगले असतात. घरात पेढ्यांची भाषा सुरू होते, आणि नेमक्या त्याच भेटीत डॉक्टर नवी चिठ्ठी लिहितात: लेनालिडोमाइड, १० मिलिग्रॅम, रोज एक. कधी थांबवायची, ते चिठ्ठीत लिहिलेलं नसतं. 'आजार गेला म्हणता, मग औषध कशाला?' हा प्रश्न पेशंटच्या घरातलं कुणी ना कुणी विचारतंच. प्रश्न रास्त आहे. वैद्यकाला त्याचं उत्तर सापडायला जवळपास पन्नास वर्षं लागली, आणि वाटेत एक औषध बदनाम होऊन पुन्हा परत आलं.

दवाखान्यात या गोळीला सगळे 'मेंटेनन्स' म्हणतात. या प्रथेचा उगम मायलोमात नाही. १९५६ साली अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये मिन चिऊ ली नावाचे डॉक्टर गर्भवेष्टनाच्या पेशींपासून होणाऱ्या एका दुर्मिळ कॅन्सरवर मेथोट्रेक्सेट देत होते. गाठी विरघळल्या, एक्स-रे स्वच्छ झाला. लघवीतल्या एका हार्मोनची पातळी मात्र शून्यावर येईना. ली यांनी निष्कर्ष काढला की आजार डोळ्यांआड झाला आहे, संपलेला नाही. आणि हार्मोन पूर्ण नाहीसा होईपर्यंत ते औषध देत राहिले. धडधाकट दिसणाऱ्या बायकांना विषारी औषध देणं वरिष्ठांना मान्य नव्हतं. ली यांची नोकरी गेली. पुढे दिसून आलं की ज्यांचं औषध आधी थांबलं त्यांचा आजार उलटला आणि ली यांच्या पेशंट बऱ्या राहिल्या. १९७२ साली लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत ली यांचं नाव होतं. लहान मुलांच्या ल्युकेमियात डोनाल्ड पिंकेल यांनी मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात १९६२पासून हाच धागा पकडला: आजार आटोक्यात आल्यावरही दोन-तीन वर्षं गोळ्या चालू. मुलं वाचू लागली.

मायलोमावाल्यांनीही हे करून पाहिलं, आणि हात पोळून घेतले.

मायलोमा हा अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर. एरवी या पेशी जंतूंशी लढणारी प्रतिद्रव्यं बनवतात. त्यातली एक बिघडते, वाढत सुटते आणि एकच निरुपयोगी प्रथिन रक्तात ओतत राहते. हाडं पोखरली जातात, मूत्रपिंडं तुंबतात, रक्त कमी होतं. १८४४ साली लंडनमध्ये अशा एका बाईला रुबार्बच्या गोळ्या आणि संत्र्याच्या सालीचा काढा दिल्याची नोंद आहे. त्यापेक्षा बरं काही मिळायला शंभरावर वर्षं गेली. १९५८ साली सोव्हिएत डॉक्टरांनी मेलफलानचा उपयोग दाखवला आणि पहिल्यांदाच पेशंटना खरा आराम पडला. साहजिकच पुढचा विचार आला: आराम पडल्यावरही मेलफलान चालू ठेवलं तर? सत्तरच्या दशकातल्या अमेरिकी चाचण्यांत उत्तर मिळालं. आयुष्य वाढलं नाही. उलट दीर्घकाळ मेलफलान घेणाऱ्यांना ल्युकेमिया होऊ लागल्याचं १९७९पर्यंत स्पष्ट झालं.

मग इंटरफेरॉनची पाळी आली. इटलीतल्या फ्रांको मांदेल्ली यांच्या गटाने १९९० साली दाखवलं की केमोनंतर इंटरफेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्यांत आजार सरासरी २६ महिने गप्प राहिला, न घेणाऱ्यांत १४. आशा वाढली. पण प्रत्येक टोचणीनंतर ताप, अंगदुखी, महिनोन्महिने न जाणारा थकवा आणि खिन्नता. मिळालेले महिने अंथरुणात जायचे. सगळ्या चाचण्यांची बेरीज झाली तेव्हा आयुष्यात पडलेली भर जेमतेम काही महिन्यांची निघाली. इंटरफेरॉन मागे पडलं ते बरंच झालं.

दरम्यान मुख्य उपचार बदलले होते. १९८३ साली इंग्लंडच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयातल्या टिम मॅकएल्वेन आणि रे पॉल्स यांनी मेलफलानचा डोस अनेक पटींनी वाढवला. एवढ्या मोठ्या डोसने मज्जाच जळून जाते. म्हणून पेशंटच्याच स्टेम सेल आधी काढून गोठवायच्या आणि मेलफलाननंतर परत चढवायच्या, अशी पद्धत बसली. तुलूझच्या मिशेल अताल यांनी १९९६ साली २०० पेशंटांची चाचणी प्रसिद्ध केली. पाच वर्षांनी नेहमीच्या केमोच्या गटातले १२ टक्के हयात असतील असा हिशेब निघाला, ट्रान्सप्लांटच्या गटातले ५२ टक्के. ट्रान्सप्लांटचा पाया इथे पक्का झाला.

पण आजार परत यायचाच. शेतातली हरळी कितीही खणली तरी मुळीचा एखादा तुकडा मातीत राहतो, तसं. ट्रान्सप्लांटनंतर मज्जेत उरलेल्या मूठभर पेशींना वर्षानुवर्षं दाबून ठेवेल आणि तरीही माणसाला जगू देईल, असं औषध हवं होतं. ते अशा ठिकाणी निघालं, जिथे शोधायची कुणाची इच्छाच नव्हती.

पश्चिम जर्मनीच्या ग्रुनेंथाल कंपनीने १ ऑक्टोबर १९५७ रोजी थॅलिडोमाइड ही झोपेची गोळी बाजारात आणली. ती निर्धोक म्हणून विकली गेली आणि गर्भवतींनी मळमळीवरही घेतली. हॅम्बर्गचे विडुकिंड लेंझ आणि ऑस्ट्रेलियाचे विल्यम मॅकब्राइड यांनी १९६१ साली धोक्याची घंटा वाजवली, तोपर्यंत जगभर दहा हजारांहून अधिक बाळं आखूड किंवा नसलेल्या हातापायांनी जन्माला आली होती. अमेरिका बरीचशी वाचली, कारण औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेच्या फ्रान्सिस केल्सी यांनी कंपनीच्या अर्जावर सही करायला ठाम नकार दिला होता. नोव्हेंबर १९६१मध्ये औषध जर्मनीच्या बाजारातून उठलं. वैद्यकाच्या इतिहासात इतकं शापित नाव दुसरं क्वचितच असेल.

तीन वर्षांनी, १९६४ साली, जेरुसलेममध्ये डॉ. जेकब शेस्किन यांच्यापुढे कुष्ठरोगाचा एक पेशंट होता. कुष्ठरोगातल्या एका तीव्र प्रतिक्रियेत अंगभर दुखऱ्या गाठी उठतात. त्या वेदनांनी त्याला झोप नव्हती. शेस्किन यांनी रुग्णालयात उरलेल्या थॅलिडोमाइडच्या गोळ्या दिल्या, केवळ झोपेसाठी. माणूस झोपला, आणि काही दिवसांत गाठीही बसल्या. औषध कुष्ठरोगापुरतं मागच्या दाराने परत आलं. १९९१ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात गिला कॅप्लान यांच्या गटाने ते दाह वाढवणारं टीएनएफ-अल्फा हे प्रथिन कमी करतं हे दाखवलं. १९९४ साली बोस्टनमध्ये ज्युडा फोकमन यांच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट डीअमाटो यांना दिसलं की ते नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही. गाठीला रक्त मिळालं नाही तर ती वाढणार कशी, हा फोकमन यांचा आयुष्यभराचा विचार होता.

या प्रयोगाला मायलोमापर्यंत आणलं एका पत्नीने. न्यूयॉर्कमधल्या एका तरुण हृदयरोगतज्ज्ञाला मायलोमा होता आणि ट्रान्सप्लांटनंतरही तो उलटला होता. त्याच्या पत्नीने १९९७ साली फोन फिरवत फिरवत फोकमन यांना गाठलं. त्यांनी थॅलिडोमाइड सुचवलं. अर्कान्सा विद्यापीठातल्या बार्ट बार्लोगी यांनी ते दिलं. तिच्या नवऱ्याला काही उपयोग झाला नाही. तो वाचला नाही. पण बार्लोगी थांबले नाहीत, त्यांनी इतर पेशंटना दिलं आणि एकाचे आकडे कोसळले. नोव्हेंबर १९९९मध्ये ८४ पेशंटांचा निबंध प्रसिद्ध झाला, त्यावर पहिलं नाव सीमा सिंघल यांचं होतं. सगळे उपाय थकलेल्या या पेशंटांपैकी ३२ टक्क्यांना गुण आला होता. त्या बाईंचे फोन झाले नसते तर हा शोध आणखी किती वर्षं अडला असता कोण जाणे. मायलोमाचा इतिहास सांगताना तिला वगळणं अन्यायाचं होईल.

थॅलिडोमाइड ट्रान्सप्लांटनंतर चालू ठेवलं तर आजार परतणं लांबतं, हे फ्रेंचांनी २००६ साली दाखवलं. पण हातापायांना मुंग्या येत, बधिरपणा येई, बटण लावणं जमेना. बरेच जण औषध सोडून देत. कारखान्यात तोवर त्याची पुढची पिढी तयार होती. अमेरिकेच्या सेल्जीन कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी थॅलिडोमाइडच्या रेणूतला एक ऑक्सिजन काढला आणि एक अमिनो गट जोडला. एवढ्याशा फेरफाराने औषध जास्त ताकदवान झालं आणि नसांना होणारा त्रास खूप कमी झाला. हेच लेनालिडोमाइड. २००६ साली उलटलेल्या मायलोमासाठी त्याला परवानगी मिळाली.

१० मे २०१२ रोजी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या एकाच अंकात दोन निबंध शेजारीशेजारी आले. अमेरिकेतली चाचणी ४६० पेशंटांची, फ्रान्समधली ६१४ जणांची. दोन्हींत ट्रान्सप्लांटनंतर निम्म्यांना लेनालिडोमाइड, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. आजार डोकं वर काढेपर्यंतचा काळ अमेरिकेत २७ महिन्यांवरून ४६वर गेला, फ्रान्समध्ये २३वरून ४१वर. इतका फरक कुणीच पाहिला नव्हता.

तरीही वाद पेटला. अमेरिकी चाचणीत आयुष्य वाढलेलं दिसलं, फ्रेंच चाचणीत नाही. आणि दोन्हीकडे औषध घेणाऱ्यांत दुसरे कॅन्सर जास्त निघाले: अमेरिकेत ८ टक्के विरुद्ध ३. फ्रेंचांनी जानेवारी २०११मध्ये सगळ्यांचं औषध थांबवलं. अमेरिकनांनी उलट केलं. डिसेंबर २००९मध्ये फरक दिसताच त्यांनी दुसऱ्या गटालाही औषध खुलं केलं. दोघांनाही आपल्या पेशंटांचं हितच पाहायचं होतं. मेलफलानचा जुना धडा आठवणाऱ्यांना फ्रेंचांची भीती नक्कीच समजली असेल.

निकाल लागला २०१७ साली. इटलीतली तिसरी चाचणी मिळवून १२०८ पेशंटांची एकत्र मोजणी झाली. लेनालिडोमाइडवर आजार ५२.८ महिने थोपला, त्याविना २३.५. औषध न घेणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान ८६ महिने होतं. घेणाऱ्यांत तेव्हा निम्म्याहून अधिक माणसं जिवंत होती. दुसऱ्या कॅन्सरचा धोका खरा होता, पण मायलोमा परतून जाणाऱ्या जिवांच्या तुलनेत कमी. फेब्रुवारी २०१७मध्ये एफडीएने ट्रान्सप्लांटनंतरच्या मेंटेनन्ससाठी औषधाला मान्यता दिली.

औषध नेमकं करतं काय, हे दरम्यान जपानमध्ये उलगडू लागलं होतं. टोकियोतल्या हिरोशी हांडा आणि ताकुमी इतो यांनी थॅलिडोमाइड सूक्ष्म चुंबकी मण्यांवर चिकटवलं, पेशींच्या अर्कात बुडवलं आणि मण्यांना काय चिकटून येतं ते पाहिलं. हाती लागलं सेरेब्लॉन नावाचं प्रथिन. मग झेब्राफिशच्या पिल्लांत त्यांनी थॅलिडोमाइड चिकटणारच नाही असं सेरेब्लॉन घातलं. औषध असूनही पिल्लांचे पर नीट वाढले. हे २०१० साल. पेशीतल्या कोणत्या प्रथिनांची विल्हेवाट लावायची, त्यावर खूण करणाऱ्या यंत्रणेचा सेरेब्लॉन हा भाग आहे. २०१४ साली कळलं की लेनालिडोमाइड त्याचा पृष्ठभाग बदलतं आणि मायलोमा पेशी ज्यांवर जगतात त्या इकारोस आणि आयोलोस या प्रथिनांवर खूण पडते. २०१८ साली उरलेला दुवा सापडला: गर्भात हीच यंत्रणा हातापायांच्या घडणीला लागणारं सॉल-४ हे प्रथिन नष्ट करते. बाळांचे अवयव हिरावणारी आणि मायलोमाच्या पेशंटला वर्षं देणारी क्रिया एकच आहे. म्हणून या औषधावर असताना गर्भधारणा होऊ न देण्याचे नियम आजही इतके कडक आहेत, आणि ते पुरुषांनाही लागू आहेत.

सगळ्यांना हीच एक गोळी पुरत नाही. १७व्या गुणसूत्राचा तुकडा गळालेल्या, जास्त धोक्याच्या मायलोमात दोन आठवड्यांनी एकदा बोर्टेझोमिबचं इंजेक्शन उपयोगी पडतं, हे नेदरलँड्स आणि जर्मनीतल्या ८२७ पेशंटांच्या चाचणीतून दिसलं. अलीकडे डाराटुमुमॅब हे प्रतिद्रव्य लेनालिडोमाइडच्या जोडीला आलं आहे.

किमतीची गोष्ट संतापजनक आहे. अमेरिकेत सुरुवातीला एका कॅप्सूलला २१५ डॉलर पडत. १५ वर्षांत किंमत तिपटीच्या वर गेली आणि संसदेच्या समितीने कंपनीला त्याचा जाब विचारला. औषध मात्र तेच होतं. हैदराबादच्या नॅटको कंपनीने पेटंटला आव्हान दिलं, २०१५ साली तडजोड झाली, आणि मार्च २०२२मध्ये अमेरिकेत पहिलं जेनेरिक आलं. भारतात जेनेरिक लेनालिडोमाइड त्याच्या कितीतरी आधीपासून मिळतं, अमेरिकी दराच्या लहानशा अंशात. इथल्या कुटुंबांना वर्षानुवर्षं मेंटेनन्स झेपतं त्यामागे हे कारण आहे.

आता प्रश्न उरला आहे तो थांबण्याचा. अमेरिकेत एसडब्ल्यूओजी या संशोधक गटाची एक मोठी चाचणी नेमकं हेच तपासते आहे: दोन वर्षांच्या मेंटेनन्सनंतर अतिसूक्ष्म तपासणीतही आजार सापडला नाही, तर अर्ध्या पेशंटांचं औषध बंद करायचं आणि काय होतं ते पाहायचं. याचं पक्कं उत्तर हाती येईपर्यंत कुणीही गोळी मनाने बंद करू नये. जुलाब होत असतील, रक्तातल्या पेशी घसरत असतील, अंगावर पुरळ येत असेल, पैशांची ओढ होत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना सांगावं. जुलाबांवर वेगळं औषध आहे, आणि १० मिलिग्रॅमचा डोस ५वर आणता येतो.