पाइप ओढणाऱ्या सापाच्या पलटणीत

चला, रिओ द जानेरोत उतरा. ऑगस्ट 1942. सगळ्यात आधी नाकात शिरतो तो कोळशाचा धूर. पेट्रोल समुद्रावाटे येतं आणि समुद्राचा आता भरवसा उरलेला नाही, म्हणून मोटारींच्या पाठीवर भट्ट्या बसवून त्या लाकडी कोळशाच्या वायूवर पळवायला लागले आहेत. एक गाडी खोकत तुमच्या अंगावरून जाते. डोळे चोळा, पण चालत राहा. थांबलात तर गर्दी तुम्हाला उचलून नेईल.

इकडे हा हिवाळा आहे, तरी तुमचा सदरा पाठीला चिकटलाय. पुढे विद्यार्थी, मागे गोदी कामगार, बाजूला काळा शेला घेतलेली म्हातारी. पेपरवाला पोरगा घसा फाडून ओरडतोय. बाहिया आणि सेर्जिपेच्या किनाऱ्यालगत एकाच जर्मन पाणबुडीने दोन-तीन दिवसांत पाच ब्राझिली जहाजं बुडवली. सहाशेवर माणसं गेली. कुणी माहेरी निघालं होतं, कुणी नोकरीवर. प्रेतं किनाऱ्याला लागताहेत. कालपर्यंत लढाई म्हणजे युरोपवाल्यांचं भांडण होतं. आज त्या म्हातारीच्या हातात एक फोटो आहे आणि ती तो प्रत्येकाला दाखवतेय. काच फुटल्याचा आवाज येतो. जर्मन नावाच्या एका दुकानावर दगड पडलाय. त्या दुकानदाराचा या पाणबुडीशी काय संबंध, हे विचारायला इथे कुणी थांबत नाही, आणि मला तो प्रश्न आजही टोचतो. सगळा लोंढा राष्ट्राध्यक्ष जेतुलियो व्हार्गास यांच्या राजवाड्याकडे वळतो. 22 तारखेला युद्ध जाहीर होतं.

आणि मग काहीच होत नाही! कोपाकबानाचे दिवे रात्री मालवले जातात, रांगा लांबतात, महिने सरतात. कॉफीच्या टपरीवर लोक हसून म्हणतात, साप पाइप ओढायला लागेल तेव्हा आपली फौज लढाईला जाईल.

मधली दोन वर्षं उडी मारून ओलांडा. आता तुम्ही साव पावलोच्या आतल्या भागातले, विशीतले, कॉफीच्या मळ्यातले प्रासिन्या आहात. साध्या शिपायाला लोक लाडाने हेच म्हणतात. खिडक्या बंद केलेल्या गाडीतून रात्री तुम्हाला बंदरावर आणलंय. कुठे जायचंय, कुणी सांगत नाही. समोर ‘जनरल मान’ हे अमेरिकी जहाज. पाच हजारांवर माणसं त्याच्या पोटात. कॅनव्हासचे बिछाने एकावर एक टांगलेले. वरच्याची पाठ तुमच्या नाकाला टेकते. घाम, डिझेल, ओकारी आणि ओल्या बुटांचा वास एकजीव झालाय. जीवरक्षक जाकीट काढायचं नाही, अंधार पडला की डेकवर काडी ओढायची नाही. जेवणाच्या रांगेत तास जातो आणि हाती येतं ते गुळचट, अनोळखी अमेरिकी अन्न. भात आणि फेजांव, म्हणजे आपला रोजचा शिजवलेला घेवडा, आठवून शेजारचा पोरगा खरोखर रडतो.

इथे तुमच्यातल्या मराठी माणसासाठी एक गोष्ट सांगून टाकतो. तुम्ही समुद्रात असतानाच, 10 जुलैला, इटलीत टायबरच्या वरच्या खोऱ्यात माणगावकडचा नाईक यशवंत घाडगे एकट्याने मशिनगनवर चालून जातो आणि तिथेच पडतो. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळेल. त्याच देशात तुम्ही निघालेले आहात.

16 जुलै, नेपल्स. धक्क्यावर ऊन, सडकं पाणी, पडक्या भिंतींची धूळ. तुमचा गणवेश हिरवट-राखाडी आणि हातात बंदूक नाही. बघणाऱ्यांना वाटतं, जर्मन कैदी उतरवलेत! शिव्या येतात, थुंकी येते. लढायला आलात आणि पहिलं स्वागत हे. पण संध्याकाळी छावणीच्या कडेला उघड्या पायांची पोरं डबे घेऊन उभी राहतात, आणि तुमच्या रांगेतली माणसं आपल्या थाळीतलं त्यांना देतात. मला या सगळ्या मोहिमेतला हा तास फार मोलाचा वाटतो.

बाहीवर बिल्ला शिवून घ्या: पिवळ्यावर हिरवा साप, तोंडात पाइप. चेष्टा करणाऱ्यांना पलटणीने दिलेलं उत्तर आहे ते. आजूबाजूला बघा, गोरे, काळे, सावळे एकाच खंदकात आहेत. शेजारच्या अमेरिकी फौजेत काळ्यांची डिव्हिजन वेगळी ठेवलीय. तिथले शिपाई तुमच्याकडे टक लावून बघतात.

आणि आता थंडी. अपेनाइन डोंगर, डिसेंबर. बर्फ तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा पाहिलाय. पहिल्या सकाळी जिभेवर घेऊन चाखलात, दुसऱ्या सकाळी पायाची बोटं जाणवेनाशी झाली. गावच्या शेतकऱ्याकडून सुकं गवत मागून आणा, वर जुने पेपर, आणि सगळं रबरी बुटात कोंबा. खोऱ्यात पूल लपवायला यंत्रं दिवसभर धूर सोडतात. घसा कायम खवखवतो. समोर मोंते कास्तेलो. डोंगर म्हणून काही मोठा नाही, हजार मीटरसुद्धा नाही, पण वर जर्मन बसलेत. त्यांच्या झपाट्याने बरसणाऱ्या मशिनगनला पोरांनी ‘लुर्जिन्या’ असं मुलीचं नाव ठेवलंय. ती बोलायला लागली की चिखलात तोंड खुपसायचं. नोव्हेंबर-डिसेंबरात चार वेळा चढलात, चार वेळा परत आलात. काही सोबती वर बर्फाखालीच राहिले.

21 फेब्रुवारी 1945. तोफा पहाटेपासून दात हलवताहेत. चढा. गुडघे, कोपरं, बंदुकीचा दस्ता, जे टेकता येईल ते टेकवून. संध्याकाळी माथ्यावर पोचता तेव्हा छातीत हवा नसते, आणि सोबत्यांना शोधायला खाली उतरायचं असतं.

एप्रिल संपता संपता फोर्नोव्होच्या रस्त्यावर एक अख्खी जर्मन डिव्हिजन तुमच्यापुढे शस्त्रं टाकते. जवळपास 15,000 माणसं, हजारो घोडे, गाड्या, धूळ, लीद, करकरणारी चाकं. थकलेला जर्मन सार्जंट तुमच्या बाहीवरचा साप निरखतो आणि खुणेनेच विचारतो, घोड्यांना पाणी कुठे पाजू? भाषा येत नाही. त्याचा लगाम धरा आणि नदीकडे निघा. मागे अजून खूप घोडे खोळंबलेत.