मुंबई पालिकेची उमेदवारी : करपट्टीपासून मतदारयादीपर्यंत
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई पालिकेच्या निवडणुकीस उभे राहण्याचा अधिकार शहरात राहण्याने मिळत नसे, तो कर भरल्याने मिळे. आणि ही अट ध्यानात घेतल्याखेरीज या शहरातील स्थानिक निवडणुकांचा पुढचा इतिहास नीट उलगडत नाही. तिचे मूळ १८७१ च्या करदात्यांच्या चळवळीत सापडते. १८६५ च्या कायद्याने शहराचा कारभार एका आयुक्ताच्या हाती दिला होता आणि त्याच्यावर ‘जस्टिस ऑफ द पीस’ यांनी, म्हणजे सरकारने नेमलेल्या मानद दंडाधिकाऱ्यांनी, देखरेख ठेवावी अशी योजना होती. परंतु आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी शहरसुधारणेवर सढळ हाताने खर्च केल्याने पालिका कर्जात बुडाली, तेव्हा नवरोजी फर्दुनजींसारख्या पुढाऱ्यांनी करदात्यांच्या वतीने हिशेब मागितला. फिरोजशहा मेहतांनी त्या वादात एक वेगळा आणि अधिक दूरदृष्टीचा मुद्दा मांडला : दोष एकट्या आयुक्ताचा नसून लोकांनी निवडलेली सभा नसण्याचा आहे.

१८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची पालिका निर्माण झाली. त्यांपैकी ३२ करदात्यांनी व १६ जस्टिसांनी निवडायचे आणि उरलेले १६ सरकारने नेमायचे होते. हिंदुस्थानच्या दृष्टीने हे मोठे पाऊल होते यात शंका नाही. तरीही करदाता म्हणजे प्रामुख्याने घरमालक, आणि मुंबईतील बहुसंख्य माणसे भाड्याच्या खोलीत राहणारी. चाळीच्या नळावर पहाटे रांग लावणारा, तुंबलेल्या गटाराचा त्रास रोज सोसणारा गिरणी कामगार मालकाच्या करपट्टीचा भार आपल्या भाड्यातून उचलत असे, पण पट्टीची पावती मालकाच्या नावाने फाटत असल्यामुळे उमेदवारी राहोच, त्याला मतही नव्हते. १८८८ च्या कायद्याने सभासदसंख्या ७२ झाली, त्यांतील ३६ प्रभागांतून निवडले जाऊ लागले आणि विद्यापीठ व व्यापारी मंडळ यांनाही प्रत्येकी दोन जागा मिळाल्या. कर आणि हक्क यांची गाठ मात्र सुटली नाही.

पात्रतेच्या नियमांना केवढे वजन असते हे १९०७ साली दिसून आले. मेहतांचे पालिकेतील वर्चस्व मोडण्यासाठी काही युरोपीय अधिकाऱ्यांनी व त्यांच्या मित्रांनी ‘कॉकस’, म्हणजे संगनमताने मते वळवणारा गट, उभा केला. जस्टिसांच्या मतदारसंघात सोळा जागा होत्या आणि मेहता सतराव्या क्रमांकावर फेकले गेले. पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असलेल्या माणसाला सभासद होता येत नाही असे कायदा सांगत होता, आणि निवडून आलेल्यांपैकी एकजण या कलमाखाली अपात्र ठरल्यामुळे ती जागा मेहतांकडे आली. पालिकेच्या कायद्याचे शिल्पकार मानले जाणारे मेहता त्यातीलच एका कलमाच्या आधाराने परत आले, ही घटना त्या काळच्या राजकारणाविषयी जितके सांगते तितकेच कायद्याच्या नेमकेपणाविषयीही सांगते.

भाडेकरूला मताचा हक्क १९२२ च्या दुरुस्तीने मिळाला, परंतु महिन्याला किमान दहा रुपये भाडे देणाऱ्यालाच. गिरणगावातील एका खोलीचे भाडे सामान्यतः त्याहून कमी असल्याने कामगारांचा मोठा वर्ग बाहेरच राहिला, आणि या सुधारणेचा लाभ मुख्यतः कारकून, शिक्षक, दुकानदार अशा मध्यमवर्गाला झाला. याच काळात स्त्रियांनाही पालिकेची दारे उघडली आणि सरोजिनी नायडू, अवंतिकाबाई गोखले या सभागृहात आल्या. अवंतिकाबाईंनी तत्पूर्वी चंपारणच्या खेड्यांत आणि मुंबईत ‘हिंद महिला समाजा’तून केलेले काम पाहता, पाणी, सफाई व बाळंतिणींचे आरोग्य हे विषय जाणणारी व्यक्ती तिथे फार पूर्वीच असायला हवी होती.

प्रौढ मताधिकारावर पालिकेची निवडणूक झाली ती १९४८ साली, म्हणजे पहिल्या मतदानानंतर पाऊणशे वर्षांनी, आणि तेव्हा कुठे करपट्टीऐवजी मतदारयादीतील नाव हाच उमेदवारीचा पाया झाला. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखल्या, महाराष्ट्राने हे प्रमाण २०११ मध्ये निम्म्यावर नेले; दुसरीकडे दोनहून अधिक अपत्ये असणाऱ्यास अपात्र ठरवणारी अट आली, जिचा फटका घरात अपत्यांविषयीचा निर्णय ज्यांच्या हाती नसतो अशा स्त्रियांना अधिक बसतो. मालमत्तेची अट गेली, पण उमेदवाराच्या घरात डोकावण्याची कायद्याची सवय गेली नाही. कंत्राटातील हितसंबंधाची मनाई मात्र वेगळ्या जातीची आहे, कारण ती उमेदवाराची ऐपत किंवा कुटुंब न पाहता त्याचा पालिकेच्या तिजोरीशी असलेला व्यवहार पाहते; १८८८ चा तो कायदा अनेक दुरुस्त्यांसह आजही लागू आहे आणि ती मनाईही त्यात कायम आहे.