मारणाऱ्याने पावती दिली नाही

अंबडला आमच्या घरात मोठी माणसे काळ मोजत ती पोलीस अ‍ॅक्शनपासून. कुणाचे लग्न अ‍ॅक्शनच्या आदल्या साली, कुणाचा जन्म रझाकारीत. या अ‍ॅक्शनमध्ये १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा आमच्या हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ला निजामाने शरणागती पत्करली, हे आम्ही शाळेत घोकले. त्याआधीचे उन्हाळे मात्र माय, म्हणजे माझी आजी, सांगायची.

दादांनी, माझ्या आजोबांनी, भारताचा झेंडा लावल्याचा रझाकारांना, म्हणजे निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र टोळ्यांना, संशय होता. रात्रभर रुळाने उजवा हात ठेचला आणि पहाटे मत्स्योदरीच्या टेकडीखाली टाकून गेले. मायने तेल-हळदीच्या पट्ट्या बांधल्या, दागिने कणगीच्या बुडाशी पुरले आणि बैलगाडीने पैठणमार्गे नगर जिल्हा, म्हणजे भारतीय युनियनची हद्द, गाठली. परत आले तेव्हा घराला कवाड नव्हते. दादांची बोटे पुन्हा कधी नीट मिटली नाहीत. भाकरी डाव्या हाताने मोडायचे. बायकांचे काय झाले, एवढे विचारले की माय भांडी घासायला उठायची.

स्वातंत्र्याच्या पंचविशीला, १९७२ साली, केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांसाठी पेन्शन सुरू केली. पात्रतेची मुख्य अट सहा महिन्यांचा तुरुंगवास. १९८०मध्ये योजना विस्तारली. गंमत म्हणजे फटक्यांचीही त्यात गणती आहे: छडीच्या किंवा चाबकाच्या दहा फटक्यांची शिक्षा झालेला माणूस पात्र. पण शिक्षा म्हटली की हुकूम आला, हुकूम म्हटला की दप्तर. लाठीमारात कायमचा जायबंदी झालेल्यालाही वाव होता; पुरावा मात्र हवाच. कचेरीत दादांना कागद मागितला. ते म्हणाले, “साहेब, मारणाऱ्यानं पावती दिली न्हाई मला.” अर्ज फेटाळला गेला.

शेजारच्या बीड जिल्ह्यात पुढे उलटेच उघडकीला आले. कागद होते, लढा नव्हता. बोगस स्वातंत्र्यसैनिकांची चौकशी न्यायमूर्ती पालकर आयोगाने केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंतही गेले. कागदावरच भिस्त ठेवली की असे दोन्हीकडून फसायला होते.

दादांना पैशापेक्षा चौकशीची आस होती. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी याच्यावर खटला चालला, बीबीनगरच्या हल्ल्याबद्दल सात वर्षांची शिक्षाही झाली. १९५७मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला. दादांचा हात ठेचणारे त्यांना नावानिशी ठाऊक होते. त्यातला एक आठवडी बाजारात भेटायचा, सलाम करायचा. त्या रात्रीबद्दल जबाब घ्यायला आमच्या दारी कधी कुणी आले नाही.

आणखी एक गोष्ट माय सांगायची, पण १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनानंतर घरी पाहुणे असले की नाही. आमच्या शेजारी शिवणकाम करणारे चाचा होते. रझाकारीशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. अ‍ॅक्शननंतरच्या आठवड्यात त्यांना घरातून ओढून झोडपले. त्यांचा भाऊ परत आलाच नाही. “मारणारे आपलेच होते,” माय म्हणायची, आणि नावे तिलाही ठाऊक होती. सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या पथकाने त्याच वर्षाअखेर संस्थानात फिरून कारवाईच्या काळात आणि त्यानंतर २७ ते ४० हजार माणसे मेल्याचा अंदाज दिला. तो अहवाल कित्येक दशके दप्तरात बंद राहिला. मुक्तिसंग्रामाच्या आमच्या भाषणांत त्याचा उल्लेख अजूनही मी ऐकलेला नाही.

छळाविरुद्धच्या १९८४च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात भरपाई हा छळ सोसलेल्याचा हक्क मानला आहे. त्यावर भारताने १९९७मध्ये सही केली. पुढचे अनुमोदन अजून बाकीच आहे. १९४८ला तो लागू झाला नसता, हे मला कळते. तरी तो हक्क दादांइतकाच चाचांचा होता. दादांच्या अर्जाला निदान नकार तरी आला. चाचांनी अर्ज करावा अशी खिडकीच कुठे नव्हती.