मन्रोची अपुरी यादी

स्कॉटलंडमध्ये डोंगर चढणाऱ्या माणसाला ‘तुमचे किती मन्रो झाले?’ हा प्रश्न कधी ना कधी ऐकावाच लागतो. मन्रो म्हणजे तीन हजार फुटांहून, अर्थात ९१४.४ मीटरहून उंच स्कॉटिश पर्वत. आज ते २८२ आहेत. आपलं कळसूबाई (१६४६ मीटर) इथल्या सर्वोच्च बेन नेव्हिसपेक्षा (१३४५ मीटर) तीनशे मीटर उंच आहे, त्यामुळे सह्याद्रीत वाढलेल्याला आधी हसू येतं. पायथा जवळजवळ समुद्रसपाटीला असतो आणि हवा तासाभरात बदलते, हे कळलं की ते मावळतं.

हे नाव सर ह्यू मन्रो (१८५६–१९१९) यांचं. स्कॉटिश माउंटेनीअरिंग क्लब १८८९ साली स्थापन झाला. दोनच वर्षांनी त्याच्या नियतकालिकात मन्रोंनी सरकारी नकाशे आणि स्वतःचा वायुदाबमापक यांच्या आधारे केलेली यादी छापली: ५३८ शिखरं आणि त्यांतले २८३ ‘स्वतंत्र’ पर्वत. स्वतंत्र कशाला म्हणायचं, याची काटेकोर व्याख्या त्यांनी दिलीच नाही. म्हणून तो वाद आजही चालू आहे.

यादी पूर्ण करण्याचा मान रेव्हरंड ए. ई. रॉबर्टसन यांना १९०१ साली मिळाला. शेवटच्या शिखरावर त्यांनी आधी दगडांच्या राशीचं आणि मग पत्नीचं चुंबन घेतलं, असा किस्सा आहे. पुढे अभ्यासकांना शंका आली, की बेन विव्हिसवर पाऊस लागल्यानं ते माथ्याच्या अलीकडूनच परतले असावेत. खुद्द मन्रोंची यादी अपुरीच राहिली. शेवटासाठी राखलेला कार्न क्लोइख वूलिन हा डोंगर त्यांना चढता आला नाही, आणि १९८१ मध्ये तोच मन्रोंच्या यादीतून वगळला गेला. २०१२ साली बेन अ ख्लाइव्ह, म्हणजे ‘तलवारीचा डोंगर’, नव्या मोजणीत ९१३.९६ मीटर भरला. अर्ध्या मीटरहूनही कमी फरकानं त्याचं पद गेलं.

मोजणी इतकी बारीक, पण एक गोष्ट या यादीत मुळीच नाही: माणसं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढची शंभरेक वर्षं हायलँड्समधल्या खोऱ्यांतून हजारो कुळांना जमीनदारांनी हुसकावलं. आधी मेंढ्यांसाठी, आणि नंतर बऱ्याच ठिकाणी हरणांच्या शिकारीसाठी रानं मोकळी केली. आज पर्यटक ज्याला ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणतात, त्यात पडक्या घरांच्या भिंती अजून सापडतात. डोंगरावर फिरायचा हक्क सर्वांना मिळावा म्हणून जेम्स ब्राइस यांनी १८८४ मध्ये संसदेत विधेयक आणलं. ते मंजूर झालं नाही. मन्रो स्वतः जमीनदार घराण्यातले, तरी मालकांचा अडथळा टाळायला ते कधी रात्री चढत असं सांगतात. जबाबदारीनं कुठंही फिरण्याचा कायदेशीर हक्क स्कॉटलंडला मिळाला तो २००३ च्या जमीन सुधारणा कायद्यानं.

आपल्याकडे डोंगर म्हटला की बहुतेकदा गड येतो. तो कोणी बांधला, पाण्याची टाकी कुठं, खाली वाडी कोणाची, हे विचारल्याशिवाय ट्रेक पुरा होत नाही. गो. नी. दांडेकरांनी गडांवर लिहिलं तेही भेटलेल्या माणसांसकट. हायलँड्समध्ये ही विचारपूस करायला नकाशावर गेलिक नावं उरली आहेत. ‘बुआखेल एटिव्ह मोर’ म्हणजे एटिव्हचा थोरला गुराखी. ‘कार्न क्लोइख वूलिन’मध्ये जात्याचा दगड आहे. गुरं राखणाऱ्या, धान्य दळणाऱ्या लोकांनी ही नावं ठेवली. त्यांतल्या अनेकांचे वंशज आज कॅनडात आणि ऑस्ट्रेलियात आहेत.

सात हजारांहून अधिक लोकांनी ही यादी पूर्ण करून क्लबकडे नाव नोंदवलं आहे. मराठी मंडळींनीही जरूर नोंदवावं. फक्त चढाईच्या आदल्या रात्री हवामान पाहताना डोंगराच्या नावाचा अर्थही शोधावा, आणि खालच्या खोऱ्यात कोण राहत होतं तेही. परमुलखात आलेल्या आपल्याला, मुलूख सोडावा लागलेल्यांची एवढी चौकशी जड जाऊ नये.