डेट्रॉइट आणि कोरोमो

इतिहासाच्या तासाला मुलांकडून सनावळ्या घोकून घेणारा मी मास्तर. मुले कंटाळतात, आणि त्यांचे चुकते असेही नाही. पण एखादे साल असे भेटते की, त्या साली दूरदूरच्या दोन गावांत दोन गोष्टी घडतात, त्यांचा एकमेकींशी संबंध आहे हे कुणाच्या ध्यानी येत नाही, आणि अठ्ठावन्न वर्षांनी दोहोंचा हिशेब एकाच वेळी मांडला जातो. १९५० हे तसे साल.

आधी हिशेबाचा दिवस सांगतो. नोव्हेंबर २००८ मध्ये जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या अमेरिकेच्या तीन बड्या मोटार कंपन्यांचे प्रमुख वॉशिंग्टनला सरकारी मदत मागायला गेले. गेले ते खासगी विमानांतून! विमानातून उतरणारे याचक लोकांनी प्रथमच पाहिले. व्हायची ती शोभा झाली. डिसेंबरात हीच मंडळी पुन्हा आली, ती मुकाट्याने मोटारीत बसून. पण विमानाच्या भाड्याने असल्या कंपन्या बुडत नसतात. शिवाय मंदी सर्वांनाच होती. अमेरिकेत २००७ साली सुमारे १ कोटी ६१ लाख गाड्या खपल्या होत्या, त्या २००९ साली १ कोटी ४ लाखांवर आल्या. टोयोटालाही तोटा झाला. मग टोयोटाला नुसता ताप आला आणि जनरल मोटर्स १ जून २००९ रोजी दिवाळखोरीच्या न्यायालयात उभी राहिली, हे कसे?

आता १९५० च्या मे महिन्यात चला. जनरल मोटर्सने वॉल्टर रूथर यांच्या कामगार संघटनेशी पाच वर्षांचा करार केला. 'फॉर्च्यून' मासिकाने त्याला 'डेट्रॉइटचा तह' म्हटले. महागाईप्रमाणे वाढणारे वेतन, पेन्शन, औषधपाण्याच्या विम्यात कंपनीचा वाटा. बदल्यात पाच वर्षे संप नाही. गंमत अशी की, पेन्शन आणि औषधपाणी सरकारने सर्वच नागरिकांना द्यावे, असे खुद्द रूथर यांचे मत होते. सरकारने ते ओझे उचलले नाही, म्हणून ते कंपनीच्या खांद्यावर आले. तिला तरी ते जड कुठे होते? युद्धात जपान-जर्मनी बेचिराख झालेले. तिन्ही कंपन्यांना तोच कामगारखर्च. गिऱ्हाईक जाणार कुठे?

त्याच महिन्यांत जपानातल्या कोरोमो गावी टोयोटा कंपनी दिवाळ्याच्या उंबरठ्यावर होती. सावकार बँकांनी कामगारकपातीचा आग्रह धरला, कामगारांनी संप केला, सुमारे दोन हजार माणसे घरी गेली, आणि संस्थापक किइचिरो टोयोदा यांनी स्वतःही राजीनामा दिला. कंपनी वाचली ती कोरियाच्या युद्धामुळे, अमेरिकन लष्कराने मागवलेल्या ट्रकांमुळे! त्याच उन्हाळ्यात किइचिरोंचे चुलतभाऊ एइजी टोयोदा फोर्डचा अवाढव्य कारखाना पाहायला डेट्रॉइटला गेले. कोरोमोने धडा घेतला तो एवढाच: खपेल तेवढेच बनवा, माल साचू देऊ नका, पुन्हा सावकाराच्या दारात जाऊ नका.

डेट्रॉइट मात्र आडोशाला वाढले. १९६४ पासून परदेशी हलक्या ट्रकांवर २५ टक्के जकात होती, आणि तीही युरोपशी कोंबड्यांच्या व्यापारावरून झालेल्या भांडणापायी! त्या जकातीच्या सावलीत मोठ्या गाड्यांवर भरघोस नफा मिळे. लहान गाड्यांकडे मन कशाला लागेल? १९८१ साली जपानी गाड्यांच्या आयातीला मर्यादा घातली, तर होंडाने १९८२ साली ओहायोतच गाड्या बनवायला सुरुवात केली. तिथले कामगार अमेरिकनच, पण तरुण. पेन्शनर जवळजवळ नाहीत. इकडे जनरल मोटर्सवर कामावरच्या माणसांपेक्षा निवृत्तांची संख्या अधिक, आणि औषधपाण्याचा बोजा दर गाडीमागे सुमारे दीड हजार डॉलर. हा खर्च गाडी खपो न खपो द्यायचाच. २००८ च्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेले, मोठ्या गाड्या जागच्या जागी राहिल्या; शरदात बँकांनी हात आखडला. फोर्डने २००६ मध्येच घरचे किडूकमिडूक, आपल्या निळ्या बोधचिन्हासकट, गहाण टाकून पैसा उभा केला होता. म्हणून ती न्यायालयात गेली नाही.

कामगार आळशी म्हणून कंपनी बुडाली, असे म्हणणाऱ्यांनी कॅलिफोर्नियातले फ्रीमाँट पाहावे. जनरल मोटर्सने १९८२ साली बंद केलेला तिथला कारखाना १९८४ साली टोयोटाच्या भागीदारीत सुरू झाला. कामगार बहुतांश जुनेच, संघटनाही तीच; गाड्या मात्र उत्तम निघू लागल्या. शेजारी बसून पंचवीस वर्षे पाहिले, तरी शिकण्याची डेट्रॉइटला घाई नव्हती.

पेन्शनला दोष देताना माझी जीभ अडखळते. मी नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेला मास्तर. जुनी पेन्शन मला लागू नाही, आणि साठीनंतरचे आकडे मांडताना पेन्सिल अनेकदा थांबते. डेट्रॉइटच्या म्हाताऱ्यांनी भीक मागितली नव्हती. तीस-तीस वर्षे राबून घेतलेला तो उधारीचा पगार होता. तो देण्यासाठी बाजूला काढायचा पैसा कुठे गेला, हे त्यांना विचारण्यात अर्थ नाही.

२००९ मध्ये नवी जनरल मोटर्स उभी राहिली, तेव्हा निवृत्तांच्या औषधपाण्याच्या ट्रस्टला रोख पैशांऐवजी बरेचसे शेअर मिळाले. ज्या कंपनीने फेडायचे, तिचेच साडेसतरा टक्के ते मालक झाले. फ्रीमाँटमधून मात्र जनरल मोटर्सने अंग काढून घेतले. १ एप्रिल २०१० रोजी तिथून शेवटची गाडी बाहेर पडली.