जीझिप का आले? फाइल कॉम्प्रेशन आणि पेटंटचा इतिहास



लिनक्ससाठीचे एखादे सॉफ्टवेअर तुम्ही डाउनलोड करता, तेव्हा फाइलच्या नावाअखेरीस पुष्कळदा ‘जीझेड’ ही अक्षरे दिसतात. ती जीझिप या प्रोग्रामची खूण आहे. हा प्रोग्राम का लिहावा लागला, ते या पाठात पाहू.

आधी तत्त्व समजून घ्या. ‘हळूहळू’ या शब्दातला दुसरा ‘हळू’ लिहायचा नाही. त्याऐवजी ‘दोन अक्षरे मागे जा आणि दोन अक्षरे उतरवून घ्या’ एवढी सूचना ठेवायची. मूळ शब्द जसाच्या तसा परत मिळतो. एका शब्दात यातून बचत होत नाही; पण मोठ्या फाइलमध्ये लांबलचक मजकूर पुन्हा पुन्हा येतो, तिथे जागा वाचते. जेकब झिव आणि अब्राहम लेम्पेल या इस्रायली संशोधकांनी ही पद्धत १९७७ मध्ये मांडली. १९७८ मध्ये त्यांनी दुसरी पद्धत दिली. तिच्यात येऊन गेलेल्या तुकड्यांचा कोश करून पुढे त्यांचे क्रमांक वापरले जातात. टेरी वेल्च यांनी १९८४ मध्ये तिचे सुधारित रूप प्रसिद्ध केले. तेच एलझेडडब्ल्यू.

या लेखाच्या आधारे युनिक्सवर ‘कॉम्प्रेस’ हा प्रोग्राम तयार झाला आणि सर्वत्र पसरला. मात्र स्पेरी कंपनीने १९८३ मध्येच पेटंटसाठी अर्ज केला होता. १९८५ मध्ये अमेरिकेत ते मंजूर झाले आणि पुढे विलीनीकरणातून युनिसिसकडे आले. म्हणजे लेख कोणीही वाचावा, पण त्यातली पद्धत वापरायला परवानगी हवी!

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाला हे परवडणारे नव्हते. १९८७ मध्ये आलेला जीसीसी कंपायलर कोणीही वापरावा, बदलावा आणि वाटावा, हे त्याचे धोरण. वाटपाचे साधनच पेटंटमध्ये अडकले, तर या धोरणाला अर्थ काय उरतो? ज्याँ-लू गायी आणि मार्क ॲडलर यांनी १९९२ मध्ये जीझिप आणले, ते या अडचणीवरचा उपाय म्हणून. फिल कॅट्झ यांच्या ‘डिफ्लेट’ पद्धतीवर ते चालते. तिच्यात १९७७ ची कल्पना आणि हफमन यांची १९५२ ची सांकेतिक लेखनपद्धती एकत्र आली आहे. जीझिपची फाइल सहसा कॉम्प्रेसपेक्षा लहान होते, म्हणजे इथे मोकळीक आणि गुणवत्ता दोन्ही साधली.

नेहमी असे होतेच असे नाही. ज्युलियन सेवर्ड यांच्या मूळ बीझिपमध्ये अंकगणिती संकेतन होते. त्यावर पेटंटचे सावट असल्याने १९९६ च्या बीझिप२ मध्ये त्यांनी हफमन पद्धत घेतली आणि थोडी बचत सोडून दिली.

डिफ्लेटचे संपूर्ण वर्णन १९९६ मध्ये सार्वजनिक मानक म्हणून प्रसिद्ध झाले. त्यामुळे ती फाइल उघडणारा प्रोग्राम आज तुम्हीही लिहू शकता. एलझेडडब्ल्यूचे अमेरिकन पेटंट २००३ मध्ये संपले, तोवर जीझिप रुळले होते.

म्हणून साधन निवडताना ‘फाइल किती लहान होते?’ एवढेच विचारू नका. वेळ किती लागतो, परवाना काय सांगतो, फाइलची रचना जाहीर आहे का, हेही तपासा. तुमचा प्रकल्प-अहवाल वीस वर्षांनी उघडताना कोणाची परवानगी लागू नये, हे आजच्या निवडीवर ठरते.