राणा प्लाझा : भेग दिसल्यानंतरचे तेवीस तास

मंगळवार, २३ एप्रिल २०१३. सकाळी दहाच्या सुमारास.

ढाक्याच्या वायव्येला साधारण २५ किलोमीटरवर सावर. ढाका-आरिचा महामार्गाला लागूनच राणा प्लाझा ही आठ मजली इमारत उभी आहे. खाली दुकाने आणि ब्रॅक बँकेची शाखा. तळमजला पहिला धरला तर तिसऱ्यापासून आठव्या मजल्यापर्यंत कपडे शिवणारे पाच कारखाने आहेत : न्यू वेव्ह बॉटम्स, फँटम अ‍ॅपॅरल्स, फँटम टॅक, इथर टेक्स आणि न्यू वेव्ह स्टाइल. नववा मजला बांधायला घेतला आहे.

मशीन चालू असतानाच मोठा आवाज होतो. खांबांना आणि भिंतींना भेगा पडल्याचे दिसते. काम थांबवून कामगारांना खाली उतरवले जाते. जिन्याने उतरणाऱ्यांत बहुतेक तरुण बायका आहेत.

इमारत कोसळायला या क्षणी जवळपास तेवीस तास आहेत.

२३ एप्रिल, दुपार.

एका अभियंत्याला बोलावून घेतले जाते. तो खांबांच्या भेगा पाहतो आणि सांगतो की इमारत धोकादायक आहे, ती बंद ठेवा. ढाक्याच्या अभियांत्रिकी विद्यापीठातून, म्हणजे बुएटमधून, तज्ज्ञ आणून तपासणी करून घ्या असाही त्याचा सल्ला आहे. याच अभियंत्याला पुढे अटक झाली. वरचे मजले बेकायदा चढवताना त्यानेच मदत केली, असा आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला. पण त्या मंगळवारी त्याने दिलेला सल्ला बिनचूक होता, आणि तो वेळेवर दिला गेला होता.

औद्योगिक पोलिसांनीही काम थांबवा म्हणून कळवले. कारखानदारांची संघटना बीजीएमईए हिनेही, बुएटची तपासणी होईपर्यंत कारखाने बंद ठेवा, असे सांगितले. संघटनेला कारवाईचा अधिकार नव्हता, तिचे सांगणे हा सल्लाच होता. ढाक्यातील हातिरझील भागातले तिचे स्वतःचे बहुमजली मुख्यालयही बेकायदा आहे, असा निकाल उच्च न्यायालयाने दोन वर्षांपूर्वी, एप्रिल २०११ मध्ये दिला होता. २०१३ मध्ये संघटनेचा कारभार त्याच इमारतीतून चालू होता.

२३ एप्रिल, त्याच दुपारी, खालच्या मजल्यावर.

ब्रॅक बँकेने शाखा बंद केली आणि कर्मचाऱ्यांना बाहेर काढले. खालची दुकानेही बंद झाली.

या ओळीवर थोडे थांबावे लागते. एकाच छताखाली, एकाच भेगेवरून त्या दिवशी दोन निर्णय झाले. बँकेजवळ जास्तीचे काही ज्ञान नव्हते. वर जे दिसत होते तेच खाली दिसत होते. फरक एवढाच की एक दिवस शाखा बंद राहिली म्हणून कुठल्या बंदरावरचे जहाज चुकणार नव्हते आणि कर्मचाऱ्यांचा पगार कापला जाणार नव्हता.

वरच्या मजल्यांवरचा हिशेब निराळा होता.

२३ एप्रिल, दुपार ते संध्याकाळ.

स्थानिक वार्ताहर भेगांचे चित्रण करतात आणि ते दूरचित्रवाणीवर दाखवले जाते. म्हणजे ही गोष्ट गुप्त राहिली नव्हती. इमारत कोसळण्याच्या आदल्या दिवशी तिच्या भेगा देशाने पाहिल्या होत्या.

उपजिल्ह्याचे निर्वाही अधिकारी, म्हणजे साधारण आपल्याकडच्या प्रांत-तहसीलदारांच्या पातळीचे प्रशासकीय अधिकारी, इमारतीत येऊन पाहणी करतात. गंभीर काही नाही, असे ते सांगतात. इमारतीचा मालक सोहेल राणा पत्रकारांना सांगतो की थोडे प्लास्टर निघाले आहे, बाकी काही नाही. राणा सत्ताधारी अवामी लीगच्या युवक शाखेचा स्थानिक नेता आहे.

इमारतीची कागदपत्रे त्या संध्याकाळी कुणी उघडली असती, तर पुढील गोष्टी दिसल्या असत्या. बांधकामाची परवानगी सावर नगरपालिकेची होती. ढाका परिसराच्या नियोजनाचे काम पाहणाऱ्या राजुक या संस्थेने ती दिलेली नव्हती. वरचे मजले परवानगीशिवाय चढवले होते. आराखडा दुकाने आणि कार्यालये यांच्यासाठी होता, हजारो माणसे आणि शिलाई मशीन यांच्यासाठी नव्हता. आणि जागेच्या काही भागात पूर्वी तळे होते, ते भरून त्यावर पाया घातला होता.

२३ एप्रिल, संध्याकाळ.

कामगारांना निरोप दिला जातो : उद्या सकाळी आठला कामावर या.

हा निरोप कुठल्या हिशेबातून आला, ते समजून घ्यायला हवे. १ जानेवारी २००५ रोजी जागतिक वस्त्रव्यापारातली देशवार कोटा पद्धत संपली. त्याआधी प्रत्येक देशाचा वाटा कागदावर ठरलेला असे. त्यानंतर मोठे खरेदीदार जिथे स्वस्त पडेल तिथे जायला मोकळे झाले. चीनमधले पगार वाढू लागले तसे काम बांगलादेश, व्हिएतनाम, कंबोडियाकडे वळले. त्या शर्यतीत बांगलादेशाचे मोठे बळ होते कमी मजुरी. किमान वेतन २०१० पासून महिना ३,००० टाका होते. २०१३ पर्यंत तयार कपड्यांच्या निर्यातीत चीनच्या खालोखाल बांगलादेशाचे नाव घेतले जात होते. देशाच्या निर्यातीतला सुमारे ८० टक्के हिस्सा कपड्यांचा होता आणि जवळपास ४० लाख माणसे या धंद्यात होती. अशा धंद्याला दुखवायची हिंमत कुठल्याच सरकारची झाली नाही. बरेच कारखानदार स्वतःच संसदेत बसले होते.

कारखानदाराचा हिशेब याहून साधा आहे. मालाची तारीख चुकली की माल जहाजाऐवजी विमानाने पाठवावा लागतो आणि ते भाडे बहुधा कारखानदाराच्या माथी बसते. नाहीतर खरेदीदार किमतीत कपात मागतो किंवा ऑर्डरच रद्द करतो. २०१३ च्या सुरुवातीचे महिने हरताळांत गेले होते, रस्ते बंद पडत होते, माल तुंबत होता. एका दिवसाचे बंद काम म्हणजे पुन्हा मागे पडणे. दूर युरोपात बसलेल्या खरेदीदाराने भेगांविषयी काही विचारले नाही, कारण त्याला त्या दिसणार नव्हत्या. या इमारतीतल्या काही कारखान्यांची युरोपीय निकषांनुसार तपासणीही झालेली होती. कामाचे तास, वेतन, वह्या पाहणे हा तिचा विषय होता. खांब किती वजन पेलतील, हा तिचा विषय नव्हता.

२३ एप्रिलची रात्र.

घराघरात उद्या जायचे की नाही, यावर बोलणे झाले. वाचलेल्यांनी हे पुढे अनेकदा सांगितले आहे.

या लोकांना इशारे नवे नव्हते. ११ एप्रिल २००५ रोजी याच सावरमध्ये स्पेक्ट्रम स्वेटर कारखान्याची इमारत मध्यरात्रीनंतर कोसळली होती आणि ६४ कामगार मेले होते. तिथेही दलदलीची जमीन आणि परवानगीशिवाय चढवलेले मजले होते. अवघ्या पाच महिन्यांपूर्वी, २४ नोव्हेंबर २०१२ रोजी, जवळच्या आशुलियातील ताझरीन फॅशन्सला आग लागली होती. त्यात किमान ११२ जण गेले. आगीची घंटा वाजल्यावरही कामावर बसून राहा, असे तिथे सांगण्यात आले होते.

म्हणजे भीती होती आणि तिला आधारही होता. पण महिना संपायला सात दिवस होते. एप्रिलचा पगार अजून हातात यायचा होता. ३,००० टाक्यांना महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे ८ तास यांनी भागले तर तासाला साडेचौदा टाकेही पडत नाहीत. खोलीचे भाडे, वाण्याची उधारी, गावी आईबापांना पाठवायचे पैसे हे सगळे यातूनच भागवायचे. पाचही कारखान्यांपैकी एकातही कामगार संघटना नव्हती. आम्ही येणार नाही, असे सगळ्यांच्या वतीने म्हणणारे कुणी नव्हते. जिला नाही म्हणायचे होते, तिला ते एकटीने म्हणावे लागणार होते.

बुधवार, २४ एप्रिल. सकाळी आठच्या आधी.

विरोधी आघाडीच्या ३६ तासांच्या हरताळाचा हा दुसरा दिवस. इमारतीबाहेर गर्दी जमली आहे. बँकेचा दरवाजा बंद आहे.

कामगार आत जायला कचरत आहेत. व्यवस्थापक आणि सुपरवायझर त्यांना सांगतात की इमारत तपासली आहे, काही धोका नाही. वर गेला नाहीत तर महिन्याचा पगार मिळणार नाही, असेही सांगितले जाते. काहींना ढकलून, काठीचा धाक दाखवून आत घातल्याचे वाचलेल्यांनी नंतर सांगितले.

२४ एप्रिल, सकाळी ८ वाजता.

मशीन सुरू होतात. इमारतीत तीन हजारांहून अधिक माणसे आहेत.

शिलाईच्या मजल्यावर मशीनच्या लांब रांगा असतात. एकीने बाही जोडायची, दुसरीने कॉलर बसवायची, तिसरीने शिवण घालायची. तुकडा हातोहात पुढे सरकतो. सर्वांत कमी पगार हेल्परचा. शिवून आलेल्या तुकड्याला लोंबणारे सुटे दोरे लहान कात्रीने कापणे हे तिचे काम. तासाला किती नग निघायला हवेत, तो आकडा ठरलेला असतो. आदल्या दिवशीचा बुडालेला आकडाही आज भरून काढायचा आहे. दुकानात कोऱ्या कपड्यावर एकही दोरा लोंबताना दिसत नाही, तो या कात्रीमुळे.

२४ एप्रिल, सकाळी ८.४५ च्या सुमारास.

वीज जाते.

तिथे वीज जाणे रोजचेच. म्हणूनच अवजड जनरेटर बसवलेले होते, आणि ते वरच्या मजल्यांवर होते. ते सुरू होतात. पाठोपाठ शेकडो शिलाई मशीन पुन्हा धडधडू लागतात. सरकारी चौकशीने पुढे जी कारणे नोंदवली ती अशी : भरावाची मऊ जमीन, हलक्या प्रतीचे बांधकाम साहित्य, बेकायदा मजले, यंत्रांचे वजन आणि जनरेटरची थरथर. यातले एकही कारण त्या सकाळी जन्माला आलेले नव्हते.

२४ एप्रिल, सकाळी ८ वाजून ५७ मिनिटे.

इमारत कोसळते. दीड मिनिटही लागत नाही. वरचा मजला खालच्यावर बसत जातो. आठ मजल्यांचा दोन-तीन मजल्यांएवढा ढीग होतो.

मुंबईत तेव्हा ८ वाजून २७ मिनिटे झाली होती. भारताचा कापूस विकत घेणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकांत बांगलादेश आहे. विदर्भाच्या शेतातल्या बोंडाचा धागा तिकडच्या एखाद्या लाइनवर शिवला जात असेल, तर तो आपण ओळखणार नाही. लेबलवर देशाचे नाव असते, इमारतीचे नसते.

त्यानंतर.

राणा त्या वेळी तळघरातल्या आपल्या कार्यालयात होता. तो जिवंत बाहेर पडला आणि पसार झाला. २८ एप्रिलला भारताच्या सीमेवर बेनापोल इथे त्याला पकडण्यात आले.

सैन्य आणि अग्निशमन दलाच्याही आधी आसपासची माणसे ढिगाऱ्यात शिरली होती. जखमींना खाली आणण्यासाठी त्यांनी कारखान्यातल्याच कापडाचे तागे सोडले. वरून खालपर्यंत कापड ताणून त्यावरून माणसे घसरत खाली उतरवली गेली. प्रेते सावरच्या आधारचंद्र हायस्कूलच्या आवारात ओळीने ठेवली जात होती. नातेवाईक हातात फोटो घेऊन त्या ओळींतून फिरत होते. ढिगाऱ्यात सापडलेल्या लेबलांवरून कोणत्या परदेशी ब्रँडचा माल तिथे शिवला जात होता, ते जगाला कळले. काही कंपन्यांनी लगेच कबूल केले, काहींनी अनेक दिवस नाकारले.

सतराव्या दिवशी, १० मे रोजी, एक तरुण कामगार स्त्री जिवंत बाहेर निघाली. मेच्या मध्याला शोध थांबवण्यात आला. मृतांची संख्या पुढे १,१३४ नोंदवली गेली. जखमी सुमारे २,५०० होते. कित्येकांचे हात किंवा पाय ढिगाऱ्यातच कापून त्यांना बाहेर काढावे लागले होते.

वर्षअखेरीस किमान वेतन ५,३०० टाका झाले. २०१६ मध्ये राणासह अनेकांवर खुनाचे आरोप निश्चित झाले. खटला वर्षानुवर्षे रेंगाळला.

आणि शोध थांबला त्याच आठवड्यात परदेशी ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात इमारतींच्या व आगीच्या सुरक्षेचा करार झाला. पुढे दोनशेहून अधिक कंपन्यांनी त्यावर सह्या केल्या. तपासण्या, दुरुस्त्या, खर्च यांची कलमे त्यात होती. त्यातले एक कलम असे होते : इमारत असुरक्षित आहे असे मानायला रास्त कारण असेल, तर कामगाराला आत जायला नकार देता येईल, आणि त्यासाठी त्याचा पगार कापता येणार नाही.